पाखरांचा वाटा

कडू अळी मी स्वतः चाखून पाहिलेली आहे. अख्खी नव्हे, नुसती जीभ लावली होती. तरी संध्याकाळपर्यंत चहासुद्धा कारल्याच्या रसासारखा लागत होता. येनटोल्यात असा आगाऊपणा करणारी मी एकटी नाही. त्या दिवशी निम्म्या गावानं जीभ लावली आणि निम्मं गाव पाण्याच्या माठाकडे पळालं.

२०३८ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. नागपूरच्या एका प्रयोगशाळेतले डॉ. काझी बर्फाच्या डब्यात वीसेक अळ्या घेऊन आमच्या बीजघराच्या ओसरीवर आले होते. हिरव्यागार, बोटाएवढ्या जाड, रानरेशमाच्या साध्या अळ्या दिसतात तशाच. फरक काहीच नाही. शेवंताकाकूंनी घरची कोंबडी काखोटीला मारून आणली आणि अळ्यांसमोर सोडली. कोंबडीनं झडप घातली, अळी चोचीत धरली आणि लगेच फेकली. मग बराच वेळ ती चोच मातीत घासत राहिली. दुसरी अळी पुढे केली तेव्हा ती मागे सरकली. तिसरीला तर ओसरी सोडून पळाली.

गाव पोट धरून हसलं. माझे बाबा हसले नाहीत.

मी हेमलता दुमाने. 'रानसोबत' या संस्थेचं येनटोल्यातलं बीजघर मी सांभाळते. कोसा म्हणजे रानातलं रेशीम. ते तुतीवर होत नाही, ऐनाच्या झाडावर होतं. आमच्याकडे ऐनाला येन म्हणतात, गावाचं नाव त्यावरूनच पडलं. बीजघरात पतंगांच्या जोड्या लावायच्या, माद्यांनी घातलेले अंडीपुंज सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, निरोगी असतील ते पुड्यांत बांधून घरोघर द्यायचे, हे माझं काम. लोक ती अंडी पानांच्या द्रोणात ठेवून झाडाला बांधतात. अळ्या निघतात, चाळीसेक दिवस पाला खातात आणि कोश विणतात. येनटोल्याची बासष्ट ढिवर घरं यावर जगतात. नदीतली मासोळी आटल्यावर दुसरं काही उरलंच नव्हतं.

पण त्या चाळीस दिवसांची राखण! कोतवाल, टकाचोर, मैना, सगळ्या पाखरांना ही अळी म्हणजे मेजवानी. म्हणून बाया-माणसं रानात खोपड्या बांधून राहायची, दिवसभर गलोल घेऊन झाडाखाली फिरायची. शिवाय पाळणूक कडक. चाळीस दिवस डोक्याला तेल नाही, दाढी नाही, मासोळी नाही, कोणाच्या मयताला जाणं नाही.

माझी आई या राखणीत गेली. मी अकरा वर्षांची होते. खोपडीत तिला ताप भरला. पीक अर्ध्यावर आलं होतं, म्हणून दोन दिवस तिनं अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी खाटेवर घालून आणेपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूत चढलेला मलेरिया. मी मात्र तेव्हापासून एकच म्हणत आले, राखणीनं मारलं. संस्थेत नोकरी धरली तीही त्याच रागानं. राखण बंद करणारं जगात काहीही निघालं तर ते येनटोल्यात पहिल्यांदा आणायचं, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं.

डॉ. काझींनी जे केलं होतं ते ऐकायला सोपं होतं. ऐनाच्या पानात तुरट-कडू द्रव्य भरपूर असतं. झाड ते किड्यांपासून स्वतःला वाचवण्यासाठी बनवतं. कोशाची अळी ते पान खाते आणि कडू भाग पचवायच्या आधीच शरीराबाहेर टाकते. तिच्या आतड्यात त्यासाठी जणू एक पंप बसवलेला असतो. काझींनी त्या पंपाचं जनुक बदललं. आता तेच द्रव्य बाहेर जाण्याऐवजी कातडीखाली साठायला लागलं. अळीला त्याचा त्रास नाही, रेशमात ते उतरत नाही. "बाहेरचं विष आम्ही एक थेंबही घातलेलं नाही," ते म्हणाले. "झाडाचंच आहे ते, फक्त अळीनं जवळ ठेवलंय. पाखरू एकदा चाखेल, दोनदा चाखेल, नंतर या रानातली अळी खाणारच नाही."

नाशिककडे बंदिस्त जाळीत दोन वर्षं चाचण्या झाल्या होत्या. एकही पाखरू मेलं नव्हतं. सगळ्यांनी आठवड्याभरात अळ्या सोडल्या होत्या.

गाव तयार झालं. अडलं ते वाट्यावर.

येनटोल्यात पाखरांचा वाटा असतो. राखणीला बसायच्या आधी प्रत्येक घर रानाच्या कडेचं एक झाड सोडतं. पहिला द्रोण त्या झाडाला बांधायचा आणि मग तिकडे गलोल वळवायची नाही. पाखरांनी तिथे खुशाल खावं. आठ दिवसांत ते झाड अळ्यांनी रिकामं झालं की वाटा पोचला, आता उरलेलं आपलं. ज्याचा वाटा पाखरांनी नाकारला, त्या घरानं त्या पिकाचा कोश तोडायचा नाही. पाखरं कशाला नाकारतील? त्यामुळे असं कधी झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं, पण नियम सगळ्यांना पाठ.

"वाट्याच्या झाडावर बी कडूच सोडाचं का?" बाबांनी त्या दिवशी ओसरीवर विचारलं. ते अडुसष्ट वर्षांचे, गावात त्यांचा शब्द मोठा. "पाहुण्याले जेवाले बोलवाचं अन् कडू वाढाचं? असं करते का कोनी?"

डॉ. काझी गोंधळले. संस्थेच्या प्रमुख वसुधाताई माझ्याकडे बघायला लागल्या. मग मीच पुढे झाले. जुनं बीज, येनटोल्याचं आपलं पिढ्यानुपिढ्या चालत आलेलं, मी बीजघरात वेगळं राखते, म्हणाले. वाट्याच्या झाडाला जुनं, बाकी झाडांना नवं. लोकांची रीत मोडून कोणाचं भलं होत नसतं, असं एक वाक्यही मी ठोकून दिलं. वसुधाताईंच्या डोळ्यांत कौतुक दिसलं. मला फार बरं वाटलं तेव्हा. आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

दोन वर्षं कशी गेली ते कळलं नाही. पीक दुपटीच्या पुढे गेलं. खोपड्यांचे बांबू लोकांनी सरपणाला घेतले. बाया दुपारी बीजघरात बॅटरीच्या चरख्यांवर सूत काढत बसायच्या आणि गावभरच्या चुगल्या करायच्या. शेवंताकाकू एकदा म्हणाल्या, "तीस वर्सं पावसात कुडकुडली बाप्पा मी. कडू किड्यानं गोड दिवस दाखवले." बाबाही घरी असायचे, पण त्यांना करमायचं नाही. ते रोज सकाळी रानाच्या कडेपर्यंत जाऊन यायचे. तिसऱ्या वर्षी एकदा म्हणाले, "यंदा कोतवाल कमी दिसून राह्यले." मी म्हटलं, "उन्हाळा किती तापला होता बाबा, गेले असतील नदीकडं." आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घातला.

रानात माणूसच उरलं नव्हतं, मग दिसणार कोणाला? पाला मोजणारे कॅमेरे होते, ते पाला मोजायचे.

२०४० च्या जुलैत त्यातला एक कॅमेरा बंद पडला म्हणून मी शिडी घेऊन गेले. बेचक्यात कोतवालाचं घरटं होतं. आत तीन पिल्लं, तिन्ही मेलेली. एकाच्या उघड्या चोचीत अळीचा हिरवा शेपटा अडकला होता. मी शिडीवरून उतरले आणि पुढचं झाड पाहिलं, मग त्याच्या पुढचं. दुपारपर्यंत नऊ घरटी सापडली. दोनच घरट्यांत जिवंत चिवचिव होती. सगळी घरटी वाट्याच्या झाडांच्या आसपास.

मी पिल्लं बर्फाच्या डब्यात घालून नागपूरला पाठवली आणि गावात कोणाला काही बोलले नाही. 'आधी नक्की कळू दे' असं स्वतःला सांगितलं. लपवालपवीची सुरुवात नेहमी अशाच शहाण्या वाक्यानं होते.

दहा दिवसांनी संस्थेच्या तालुक्याच्या कार्यालयात आम्ही तिघं बसलो. डॉ. काझींचा चेहरा उतरला होता.

"मोठं पाखरू अळी गिळण्याआधी चाखतं," ते म्हणाले. "कडू लागली की थुंकतं. पण पिल्लांसाठी नेताना ते अळी चोचीच्या टोकात धरून नेतं, चाखत नाही. पिल्लू अख्खी गिळतं. तेवढं द्रव्य पिल्लाच्या यकृताला झेपत नाही."

"मग चाचणीत हे कसं दिसलं नाही?" वसुधाताईंनी विचारलं.

"कारण चाचणीत सगळ्याच अळ्या कडू होत्या." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एखाद्या काकडीवाल्याच्या सगळ्या काकड्या कडू निघाल्या तर तुम्ही परत त्याच्याकडे जाणार नाही. पण दहात एक गोड, फार गोड निघत असेल, तर तुम्ही जात राहता. प्रत्येक वेळी वाटतं, ही गोड असेल. पाखरांचं तेच झालंय. वाट्याच्या झाडांमुळे त्यांची आशा सुटत नाही. रान सोडून ती दुसरं खाणं शोधत नाहीत. इथेच घरटी करतात आणि इथलीच अळी पिल्लांना नेतात."

खोलीत पंखा फिरत होता. वाटा ठेवला नसता, गाव जरा हावरट असतं, तर एकही पिल्लू मेलं नसतं. गावानं माया केली म्हणून ती मेली. आणि त्या मायेची व्यवस्था मी लावून दिली होती.

"दोन रस्ते आहेत," काझी म्हणाले. "कडू बीज परत घ्यायचं, किंवा वाटा बंद करायचा. वाटा बंद झाला तर पाखरं आठवड्यात शिकतील आणि दुसरीकडे पोट भरतील. पिल्लं वाचतील."

वसुधाताई तीस वर्षं या भागात आहेत. त्यांचे केस इथेच पांढरे झाले. त्या मला म्हणाल्या, "हेमा, निर्णय गावाचा. जे झालं ते सगळं सांग, काही न झाकता. गाव म्हणेल तसं करू. परत राखणीवर जायचं म्हणाले तरी मी आडवी येणार नाही. पण सांगणारी तू हवीस. माझ्या तोंडून ऐकलं तर ते मान डोलावतील आणि मनातलं मनातच ठेवतील."

मी हो म्हटलं.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात पुढच्या पिकासाठी पळसाच्या पानांचे द्रोण लावत होते. एक वेगळा ठेवला होता, नीट निवडलेल्या पानांचा. वाट्याचा. मी समोर बसले आणि आडून सुरुवात केली.

"बाबा, वाटा नाई ठेवला तर?"

"काऊन?"

"असंच विचारून राह्यली."

"वाटा नाई तं कोसा नाई." हात न थांबवता ते म्हणाले. "रान पाखराचं होय हेमे, आपुन मागून आलो. चार दाने त्याच्यापुढं टाकले म्हनून त्यानं आपल्याले राहू देल्लं. तुही माय गेली त्या वर्षी बी मी वाटा चुकवला नाई."

तो द्रोण बघून माझी जीभ उचलेना. तुम्ही ज्यांना जेवू घातलं त्यांची पिल्लं त्यानंच मेली, हे मी या माणसाला कसं सांगायचं? आणि सांगितलं तर पुढे काय होईल हे मला दिसत होतं. बाबा उठून सभेत उभे राहतील, कडू बीज नको म्हणतील, आणि गाव ऐकेल. बासष्ट बाया परत खोपडीत. शेवंताकाकू परत पावसात कुडकुडणार. कोणाची तरी अकरा वर्षांची पोर घरी वाट बघत बसणार. मी भ्यायले. हे सरळ सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याला मी तेव्हा फार चांगली चांगली नावं दिली होती.

त्या हंगामाचं दुसरं पीक मी बीजाला रोग आहे म्हणून टाळलं, फक्त बीजाची झाडं राखली आणि त्यांचे कोश, थंडीत निजतात ते, जूनपर्यंत टांगून ठेवले. वसुधाताईंना खोटंच कळवलं की गावाला सगळं सांगितलं, गावानं वाटा बंद करायचं ठरवलं. त्यांचा आवाज फोनवर भरून आला. "तुझ्या गावासारखं गाव नाही गं," म्हणाल्या.

पुढच्या जूनमध्ये मी अंडीपुंजांच्या पुड्या बांधल्या. कडू आणि गोड अंडी दिसायला सारखीच. जुन्या बीजाच्या पुडीवर नेहमीसारखा पिवळा दोरा गुंडाळला, वाट्याची ती खूण होती. फक्त आत घातली कडू. खरं जुनं बीज समोर ताटात उरलं. ही अंडी नऊ दिवसांत फुटतात, ठेवता येत नाहीत. कोणाला देणार आणि कोणत्या झाडावर सोडणार? रानात एक गोड झाड राहिलं तरी पाखरांची आशा सुटणार नव्हती. बीजघराच्या मागे खड्डा केला आणि पुरली. भर दुपारी, चार कुदळी मारून. पाखरं वाचणार, गावाचं पोट वाचणार, बाबांचं मन वाचणार, असा माझा हिशेब होता. कोणाचंच काही जात नव्हतं.

पाखरं शिकली. काझी म्हणाले होते तसंच, आठवड्यात. मी शिडी घेऊन दर दोन दिवसांनी फिरत होते. रानात नवीन घरटं नाही, मेलेलं पिल्लू नाही. नदीच्या अंगाला, बाभळीत, कोतवालाची तीन घरटी दिसली आणि त्यात पिल्लं किडे-टोळ खाऊन चांगली ठणठणीत होती. मी तिथेच झाडाखाली बसून रडले, आनंदानं.

आठव्या दिवशी बाबा रानाच्या कडेवरून परत आले. "वाट्याच्या झाडावर अळ्या तशाच हायेत," एवढंच म्हणाले. बाराव्या दिवशी शेवंताकाकू आल्या, त्यांचंही झाड भरलेलं. पंधराव्या दिवसापर्यंत बासष्ट घरांत एकच बोलणं. "येतील बाबा, यंदा उशीर झाला असेल," मी म्हणत राहिले. बाबांनी दाढी करायचं सोडलं. कोणी न सांगता पाळणूक सुरू केली. तेल नाही, मासोळी नाही, आणि एकदाच जेवण. त्यांचं बघून घराघरांत तेच सुरू झालं.

पस्तिसाव्या दिवसापासून वाट्याच्या झाडांवर कोश दिसायला लागले. एकेका झाडावर शेकडो, फांद्या वाकतील एवढे. इतकं देखणं पीक मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि गाव त्या झाडांकडे पाठ करून चालत होतं. वाटा नाकारला गेला होता, एका घराचा नव्हे, सगळ्यांचा. कोश तोडायला कोणी रानात गेलं नाही. सतरा दिवसांत पतंग कोश फोडून बाहेर येतात आणि रेशीम वाया जातं. नऊ दिवस तर गेलेच होते.

त्या सकाळी बाबांपुढे भाकर ठेवली तर त्यांनी ताट सरकवलं.

"जेवून घ्या बाबा. किती दिवस असे राहाल?"

"मह्यामुळं झालं हे," ते म्हणाले.

"काय तुमच्यामुळं?"

त्यांनी अंगणाकडे तोंड वळवलं. "तुही माय गेली तवा पीक झाडावर होतं. पाळनूक होती. मयताले जाता येत नाई. मी गेलो. तिले आग देल्ली, नदीवर आंघोळ केली अन् तसाच रानात परत आलो. दुसऱ्या पिकाचा वाटा मीच बांधला, त्याच हातानं. कोनाले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं गावानं मले कोशाले हात लावू देल्ला नसता, अन् तू लहान होती. तेवीस वर्सं झाली. पाखरांनी तवा गोड मानून घेतलं. आता नाई घेत. अन् मह्या एकट्याची सजा साऱ्या गावाले."

एकाहत्तर वर्षांचा माणूस. बायकोला अग्नी दिला म्हणून स्वतःला गुन्हेगार समजत होता, तेही तेवीस वर्षं, मनातल्या मनात. आणि मी त्याच्यापुढे भाकर धरून बसले होते.

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. घरटी, काकडीचं उदाहरण, पिवळा दोरा, खड्डा. मेलेल्या पिल्लांचं ऐकताना बाबांनी एकदा डोळे मिटले.

"आता पिल्लं मरून राह्यली का?" शेवटी विचारलं.

"नाई. यंदा एकबी नाई."

"कुठं गेली पाखरं?"

"नदीकडं. बाभळीत हायेत. मी पाह्यली."

ते मान डोलावत राहिले. मला वाटलं, सुटले. मी म्हणाले, "तुमाले वाईट वाटन म्हनून नाई सांगतलं बाबा."

"पाखराले तू कडू देल्लं," ते म्हणाले, "म्हनून ते शिकले. आपला रस्ता त्यायनं पाह्यला. मले मात्र गोड देत राह्यली. मी पाखराएवढाबी नाई का वं?"

रागावून म्हणाले असते तर मी सहन केलं असतं. ते खरंच विचारत होते.

मग उठून त्यांनी टोपी घातली. "साऱ्यायले सांग. आत्ताच. शेवंता चार दिवसांपासून पान्यावर हाय. मी बाजूले बसतो, पन सांगाचं तू."

बीजघराच्या ओसरीवर गाव जमलं. चरखे बाजूला सारून बाया दाटीवाटीनं बसल्या, पुरुष अंगणात उभे राहिले. मी उभी राहून सांगितलं. एका हातानं खांब धरला होता. सांगून झालं तेव्हा कोणी ओरडलं नाही. ओरडतील म्हणून मी तयारी केली होती, न ओरडण्याची केली नव्हती.

शेवंताकाकू पहिल्यांदा बोलल्या. उपासानं त्यांचा आवाज खोल गेला होता. "म्हंजे पाखरं आपल्यावर रागावली नाईत."

"नाई काकू."

"अन् तुले हे वर्सभरापासून मालूम होतं."

"होय."

"आमाले इचारलं असतं तं आमी राखनच करू म्हटलं असतं, असं तुले वाटलं."

मी मान हलवली.

"मी नसतं म्हटलं," काकू म्हणाल्या. "तीस वर्सं केली मी राखन. वाटा बंद करू, नदीकडं दुसरं काई टाकू पाखराले, असं म्हटलं असतं मी. भांडली असती तुह्या बापासंगं. पन तू इचारलंच नाई." त्यांनी पदर खांद्यावर ओढला. "आता ऐक. तुह्या पुडीत काय असते ते आमाले दिसत नाई. दोऱ्यावर भरोसा ठेवून आमी बांधतो. तो भरोसा आता मले नाई. मले कडू नको. जुनं आपलं बीज दे. पावसात बसीन, पन झाडावर काय हाय ते मले मालूम राहीन."

"मलेबी," मागून एक बाई म्हणाली. "मलेबी जुनंच." हात वर व्हायला लागले. एक, चार, दहा. वसुधाताईंच्या सभांमध्ये आम्ही बायांना हात वर करायला शिकवलं होतं, तसे सरळ, न लाजता.

मी खांब सोडला नाही. "जुनं बीज नाही, काकू."

"म्हंजे?"

"मी तेवढंच राखलं होतं. वाट्यापुरतं आणि बीजाच्या एका झाडापुरतं. दर पिकाला त्या झाडावर गेलं तर पुढचं बीज मिळतं. यंदा ते झाडावर गेलंच नाही." "संपलं ते."

हवेत वर गेलेले हात तसेच राहिले. खाली घ्यायचे हे कोणाला सुचलं नसावं.

बाबा कडेला बसले होते. खड्ड्याबद्दल मी त्यांना सकाळी सांगितलं होतं. बीज सगळं तेवढंच होतं हे सांगितलं नव्हतं. म्हणजे तेही त्यांना आत्ताच, सगळ्यांबरोबर कळलं. ते हळूच उठले.

"कुठं पुरलं म्हनाली?"

"मागं. भिंतीजवळ."

ते बीजघराला वळसा घालून गेले. त्यांच्या मागे शेवंताकाकू, मग बाकीचे, ओसरी रिकामी होईपर्यंत. मी मागच्या खिडकीशी गेले. भिंतीजवळच्या जागेवर गवत उगवलं होतं, ओळखू येत नव्हती. बाबांनी अंदाजानं जागा धरली आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. काकूंनी काढल्या. मग एकेकानं काढल्या, पुरुषांनी टोप्याही काढल्या, आणि सगळं येनटोलं तिथे अनवाणी उभं राहिलं.

मला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. वाट मोकळी होती. तरी मी खिडकीतच उभी राहिले.